दस्तीवीराचा शेवट

माझ्या भावाने, नचिकेतने, तीन वर्षं घरात बसून एक माणूस तयार केला. त्या माणसाला चालता येत नव्हतं. आधी तो उलटा चालायचा. मग सरळ चालायला लागला, तर त्याचा डावा हात कमरेतून बाहेर यायला लागला. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "अपर्णा, नचिकेत काय करून राहिला सध्या?" मी सांगायचे, "माणसाला चालायला शिकवून राहिला." त्यांना वाटायचं, पोरगं दवाखान्यात लागलं. मीही खुलासा करत बसायचे नाही. इंजिनिअर झालेला भाऊ कॉम्प्युटरवर कार्टून काढत बसतो हे सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

त्या माणसाचं नाव दस्तीवीर. दस्ती म्हणजे आमच्याकडे खांद्यावर टाकायचं ते फडकं. घाम पुसायचा, उन्हात डोक्याला गुंडाळायची, एसटीच्या खिडकीतून आत टाकून जागा धरायची, अशा तिच्या नाना कळा. दस्तीवीर ती गळ्याशी गाठ मारून पाठीवर सोडतो आणि उडतो. पण कुणी मागून ढकलल्याशिवाय त्याला उडता येत नाही, आमच्या जुन्या स्कूटरसारखं. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. जगात एवढे महावीर आकाशातून हिंडतात, पण आमच्या कळमनुरीच्या वाट्याला हा आला.

तो नचिकेतने काढला असला तरी त्याचा नव्हता, आईचा होता. आम्ही लहान असताना लाइट जायची ती देवळातल्या आरतीसारखी, ठरल्या वेळेला. मग आई मला, नचिकेतला आणि बाबांना कंदिलाभोवती बसवून दस्तीवीराची गोष्ट सांगायची. त्यात अंधाऱ्या नावाचा एक राक्षस असायचा. तो कोपऱ्यावरच्या डीपीत, म्हणजे विजेच्या लोखंडी पेटीत, राहायचा, फ्यूज खायचा आणि काळ्याकुट्ट धुराचे ढेकर द्यायचा. इथवर आम्ही खिदळायचो. मग आई आवाज खाली आणायची. अंधाऱ्या लाइट घालवायचा आणि लाइट परत यायची, तेव्हा प्रत्येक घरातलं एक माणूस कमी झालेलं असायचं. तेव्हा मी गुपचूप सगळ्यांना मोजायचे. आई, बाबा, नच्या, मी. मग दस्तीवीर त्या हरवलेल्या माणसांना आणायला डीपीत शिरायचा. आणि तो शिरला की आम्हाला झोप लागायची. दर वेळी, अगदी तिथेच.

ती माणसं परत आली की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सकाळी विचारलं तर आई म्हणायची, "जागे राहा म्हंजी कळंल." चार वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा आम्ही दोघंही मोठे होतो, नोकऱ्या-परीक्षांमध्ये होतो आणि तिला शेवट विचारायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. आता नचिकेतचा सिनेमा डीपीच्या दारात येऊन अडकला होता. मला त्याच्या सिनेमाचं विशेष काही नव्हतं. मला तो शेवट पाहिजे होता. शाळेच्या ऑफिसात टीसी लिहिता लिहिता मध्येच मला वाटायचं, की तो कळला तर आईचं काहीतरी आपल्याकडे परत येईल.

तो शेवट माहीत असलेलं माणूस घरातच होतं. आमचे बाबा, विष्णुपंत. गावातल्या महादेवाच्या देवळात पुजारी. आम्ही झोपल्यावर कंदिलाशी आईबरोबर तेच उरायचे. पण विचारलं की म्हणायचे, "तो शेवट घरात बोलण्यासारखा नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

ही वास्तू म्हणजे आमच्या घराला लागलेली मोठी तकलीफ. घरात वाईट बोललं की ती वरून तथास्तु म्हणते, हे सगळीकडेच मानतात, पण बाबांइतकं मनावर कुणी घेत नाही. आईला दिवसातून दहादा "मेले बाई मी कामानं" म्हणायची सवय होती आणि बाबा दहादा तिला टोकायचे. ती गेल्यापासून बाबांनी घरात एकही अभद्र शब्द उच्चारला नाही. दिवा शांत होतो, तेल वाढतं, कुणी कुठे जात नाही, सगळे येतात. आईचा नंबर बाबांच्याच मोबाइलचा होता. साडीच्या दुकानातून फोन यायचा, "प्रेमाबाई आहेत का? नवीन माल आलाय." बाबा म्हणायचे, "सध्या घरी नाहीत." चार वर्षं तो दुकानदार चिकाटीने फोन करत होता आणि चार वर्षं आई सध्या घरी नव्हती.

नचिकेतने डाव टाकला. अंधाऱ्याचा आवाज बाबांनीच द्यायचा, असं त्याने ठरवलं. बाबांचा आवाज तसा खरंच भीतिदायक आहे. त्यांनी रुद्र म्हणायला घेतला की गाभाऱ्यातले उंदीर बाहेर येतात. शिवाय राक्षसाचे संवाद म्हणता म्हणता शेवट तोंडून निसटेल, अशी नचिकेतला आशा होती. आवाजाचं काम त्याचा मित्र दिपक करणार होता. हा कुरुंद्याकडच्या बंजारा तांड्यावरचा. लग्नांचे डीजे वाजवून वाजवून त्याचा एक कान थोडा कमी ऐकतो, पण उरलेल्या कानावर त्याचा फार विश्वास.

आम्ही मधल्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. बाबा सोवळं बदलून, कपाळाला गंध लावून माइकसमोर बसले. पहिलं वाक्य होतं, "दस्तीवीरा, तुझं घर मी अंधारात बुडवीन."

बाबांनी कागद वाचला, छताकडे पाहिलं आणि गरजले, "दस्तीवीरा, तुझ्या घरी अखंड दिवा तेवत राहो."

"बाबा, तसं नाही लिहिलेलं," नचिकेत म्हणाला.

"मला वाचता येतं. पुढचं सांग."

पुढचं होतं, "आज तू मरणार." बाबा म्हणाले, "शतायुषी हो." त्यापुढचं होतं, "तुझ्या वंशाला दिवा उरणार नाही." यावर बाबा कागद ठेवून नचिकेतवरच घसरले. घरात लग्नाचं पोरगं असताना असली वाक्यं लिहितात का, असं विचारलं आणि माइकमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडले, "पुढच्या वर्षी पाळणा हलो." विकट हास्य मात्र त्यांनी दणदणीत केलं. फक्त ते संपल्यावर हळूच "शुभं भवतु" जोडलं.

पुढे पहिल्या झटापटीत अंधाऱ्या हरतो आणि "मी जातो" म्हणून डीपीत शिरतो. बाबा म्हणाले, "मी येतो."

दिपकने कानावरचे हेडफोन काढले. "काका, राक्षस जाऊन राहिला आन तुमी येतो म्हणून राहिले. पब्लिक त्याची वाट बघत बसंल ना."

"बसू दे. घरातून जातो म्हणून कुणी जात नसतं."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "बाबा, त्या वास्तूला दुसरं काही काम न्हाई का? दिवसभर आपल्या तोंडाला कान लावून बसायचं?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तिला दुसरं काय काम असतं?"

यावर उत्तर दिपकला सुचलं. डीजेवाल्याचं डोकं, अडचण म्हटली की जागा बदलायची. तो म्हणाला, "काका, वास्तू घरात ऱ्हाती ना? मंग आमच्या वावरात चला. तिथं घरच न्हाई."

बाबांनी दोन दिवस विचार केला. पंचांगही पाहिलं. आणि तिसऱ्या दिवशी राक्षस व्हायला आम्ही कुरुंद्याच्या रस्त्याला लागलो.

दिपकच्या वावरात हळद कमरेएवढी उभी होती. पलीकडे कॅनाल, अलीकडे तांडा. दिपकचे वडील हिरासिंग बांधावर आमची वाट बघत उभे होते. बाबांनी आधी चौकशी केली, "इथं वास्तू नाही ना?"

हिरासिंगांनी इकडेतिकडे बघितलं. "न्हाई जी. नुसती मोटर हाय."

मोटरीच्या खोलीला पत्रे होते, म्हणून बाबा तिच्यापासून चांगले लांब, हळदीच्या मधोमध गेले. वर बघितलं. वर काहीच नव्हतं. मग बाबांनी उपरणं कमरेला खोचलं आणि तोंड उघडलं.

मी त्या माणसाची मुलगी आहे, पण मला त्यांच्या पोटात एवढं साठलेलं असेल असं वाटलं नव्हतं. "तुझं घर अंधारात बुडवीन" म्हणाले तेव्हा कॅनालवरचे बगळे उडाले. "आज तू मरणार" ते तीनदा म्हणाले, दिपकने एकदाच मागितलं असताना. कागदावरचं संपलं तसं स्वतःच्या मनाचं सुरू झालं. देवळातल्या नारळावर झडप घालणाऱ्या माकडांचा निर्वंश झाला. अभिषेक चालू असताना मोबाइलवर बोलणाऱ्या यजमानांना रौरव नरक मिळाला. चप्पलचोर तर तेलात तळूनच काढले. नचिकेत माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग बाबांनी हात वर केले आणि सगळ्यात काळं वाक्य म्हटलं, "तुमच्या घरातलं एकेक माणूस मी उचलून नेईन. मोजत बसा."

हे तांड्यापर्यंत गेलं. पाच-सहा माणसं काठ्या घेऊन हळदीतून येताना दिसली आणि सगळ्यांच्या पुढे दिपकची आई रूपाबाई, हातात विळा.

"कोण उचलून नेऊन राहिला माणसं?" तिने विचारलं.

दिपक मध्ये आला. "याडी, सिनेमा हाय गं." त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात.

"सिनेमा हाय तर हळदीत काहून वरडून राहिले? घर न्हाई का त्यायले?"

"घरात बोललं तर वास्तू तथास्तु म्हणती."

रूपाबाईने विळा खाली केला. थोडा विचार केला. "मंग बराबर हाय," ती म्हणाली. "पर गुरुजी, तिकडं कॅनालकडं तोंड करून वरडा. हिकडं आमची लेकरं ऱ्हातेत."

बाबांनी तिची माफी मागितली, कॅनालकडे तोंड केलं आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं. काठ्या घेऊन आलेली माणसं बांधावर बसून ऐकायला लागली. एकाने वाहवा केली.

सगळं झाल्यावर बाबा घामाघूम होऊन बांधावर बसले आणि त्यांनी एक लांबलचक जांभई दिली. हिरासिंगांनी चहा दिला. बाबांचा चेहरा कित्येक दिवसांत असा मोकळा दिसला नव्हता. नचिकेत त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, आता इथं वास्तू न्हाई. आता सांगा. दस्तीवीर डीपीत गेल्यावर काय झालं?"

बाबांनी चहा संपवला. कप उपडा केला. तो पुन्हा सरळ केला.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मीही झोपायचो रे. दिवसभर देवळात उभं राहून पाय मोडलेले असायचे. तुम्ही दोघं आडवे झालात की तुमच्या पाठोपाठ मी. सकाळी ती विचारायची, शेवट कसा वाटला. मी म्हणायचो, छान होता."

मला राग यायला हवा होता, कारण मला राग यायला फार लागत नाही. तीन वर्षं या माणसाने आम्हाला वास्तूच्या नावाने टोलवलं होतं. मी म्हटलं, "मग हे आधी काहून सांगितलं न्हाई?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिचं काहीतरी माझ्यापाशी आहे, असं तुम्हाला वाटायचं. मलाही जरा वाटायचं मग."

मला रडू आलं. मी ते दस्तीने, म्हणजे ओढणीने पुसलं. दिपकने मशीन बंद केलं. रूपाबाई म्हणाली, "म्हंजी तुमी समदे पडायचे, आन ती बाई एकलीच जागी."

"हो," बाबा म्हणाले. "एकटीच."

"मंग पांघरूण तिनंच घातलं असंल समद्यायले."

नचिकेतने तिच्याकडे बघितलं. घरी आल्यावर तो खोलीत शिरला तो उन्हाळ्यातच बाहेर आला.

सिनेमा दाखवायला माणिकरावांनी आपलं मंगल कार्यालय दिलं. माणिकराव मोठ्या मनाचे, फक्त त्यांना सत्कार करण्याची खोड आहे. कुणाचाही करतात. त्यांनी टेबलावर शाल, श्रीफळ आणि हार आधीच मांडून ठेवला आणि मला बजावलं, "जेवण ठेवा. जेवण न्हाई तर माणूस न्हाई." आमच्याकडे तसंच आहे. जावळ असो, बोअरला पाणी लागलेलं असो, पानावर बसवल्याशिवाय कार्यक्रम झाला असं कुणी मानत नाही. तेव्हा आम्हीही आधी पंगत बसवली. बुंदी, पुरी, तेल सुटलेली वांग्याची भाजी, वरण-भात, वर मठ्ठा. माणसांनी आग्रह करकरून एकमेकांना वाढलं. मग त्या सगळ्यांना भर दुपारी आत नेऊन मऊ खुर्च्यांवर बसवलं, पडदे ओढून अंधार केला आणि चारही कूलर सुरू केले. आता सांगते तेव्हा ही चूक लेकरालाही कळेल. तेव्हा मात्र कुणालाच कळली नाही.

सुरुवात झकास झाली. दस्तीवीराला सगळ्या गल्लीने मिळून ढकललं, तो उडाला आणि त्याची दस्ती तारेत अडकून तो चड्डीवर लोंबकळला, तेव्हा हॉल हसून लोळला. अंधाऱ्याने ढेकर दिला तेव्हा टाळ्या पडल्या. बाबांचा आवाज आला, "एकेक माणूस उचलून नेईन," तेव्हा सगळे खरंच गप्प झाले. मला अभिमान वाटला. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की ते अजून गप्पच आहेत.

मागची रांग आधी पडली. मग मधली. माणिकराव पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होते. हिरासिंग खुर्चीत विरघळले होते. रूपाबाई ताठ बसून, पदर डोक्यावर ठेवून झोपली होती, बघणाऱ्याला कळूही नये अशी. दिपक आवाजाच्या मशीनवर गाल टेकून झोपी गेला होता. आणि नचिकेत, ज्याचा गेल्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो स्वतःच्या सिनेमात स्वतःच झोपला होता. दस्तीवीर नुकताच डीपीत शिरला होता. अगदी तिथेच.

मी सगळ्यांना उठवायला निघाले आणि थांबले. बाबा जागे होते.

ते पहिल्या रांगेच्या कडेला, शेजारची खुर्ची मोकळी ठेवून बसले होते. पाठ खुर्चीला टेकलेली नव्हती. पडद्यावर दस्तीवीर आणि अंधाऱ्या डीपीच्या आत एकमेकांना बदडत होते. बदडता बदडता अंधाऱ्याने जांभई दिली. ती बाबांचीच जांभई, हळदीतली. मग दस्तीवीराला आली. दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि घोरायला लागले. हरवलेली सगळी माणसं तिथेच, फ्यूजांच्या आडोशाला झोपलेली होती. मग एक बाई हातात कंदील घेऊन आली. नचिकेतने तिचा चेहरा काढलाच नव्हता, फक्त पाठ काढली होती आणि पदर खोचायची पद्धत. तिने प्रत्येकाच्या अंगावर वाकळ घातली. राक्षसाच्या अंगावरही घातली, आणि त्याचे पाय उघडे राहिले म्हणून खाली ओढली. मग लाइट आली. सगळी माणसं आपापल्या घरात होती. तेवढी ती बाई नव्हती.

तिथे सिनेमा संपला. पडदा पांढरा झाला आणि हॉलमध्ये त्याचा उजेड पडला.

तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला. एकही माणूस उठलं नाही, इतकी ती वांग्याची भाजी जबर होती. मी त्यांच्या मागच्या रांगेतल्या एका खुर्चीत बसले आणि डोळे मिटले, कारण पलीकडून येणारा तो आवाज मला ओळखीचा होता. "प्रेमाबाई आहेत का? नवीन माल आलाय."

बाबांनी एकदा वर बघितलं. मंगल कार्यालयाला छत होतं, पंखे होते, झुंबरसुद्धा होतं.

"गेली ती," बाबा म्हणाले. "चार वर्षं झाली."

वास्तूने तथास्तु म्हटलं असेल तर म्हणो. होऊन गेलेल्या गोष्टीला ती तरी काय करणार? दुकानदार मात्र बिचारा गडबडला असावा, कारण बाबा त्यालाच समजावत होते, "नाही हो, तुम्ही काहून वाईट वाटून घेता? तुम्ही फोन करत होता, बरं वाटायचं. निळ्या रंगात काही आलं असलं तर मुलीसाठी ठेवा बाजूला."

फोन ठेवून ते उठले. पापण्यांच्या फटीतून मला दिसलं, की त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि नचिकेतच्या अंगावर घातलं. त्याचे पाय उघडे राहिले म्हणून खाली ओढलं. मग त्या मोकळ्या खुर्चीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "झोपले गं सगळे. आज मी आहे जागा. शेवट पाहिला. छान होता."

ते माझ्याकडे आले. त्यांच्याकडे उपरणं एकच होतं. ते जरा घुटमळले, मग टेबलाशी गेले आणि माणिकरावांची सत्काराची शाल घेऊन आले. मी डोळे उघडले नाहीत. मला झोप आलेली नव्हती, पण पांघरूण पाहिजे होतं.